गोळी घेतली आणि अंगठा पेटला

युरिक ॲसिड कमी करायची गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात पायाचा अंगठा पेटला, की घरोघरी एकच निकाल लागतो: गोळी उष्ण पडली. या निकालावर अपील नसतं. गोळ्यांची पट्टी फ्रिजवरच्या डब्यात जाते. टोमॅटो, पालक आणि तूरडाळ हद्दपार होतात. शेजारचे काका गुळवेलीचा काढा आपण होऊन आणून देतात. आठ-दहा दिवसांत ठणका उतरतो. तो तसाही उतरणारच असतो; गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा, झटका बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपला आपण ओसरतो. पण श्रेय काढ्याला आणि बदनामी गोळीची.

गोळीचा गुन्हा एवढाच, की ती काम करत होती.

रक्तात युरिक ॲसिड डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहायला तयार नसतं. त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचत जातात. वर्षानुवर्षं, बिनबोभाट. मग ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट सुरू होतं, रक्तातली पातळी खाली येते आणि हे जुने थर सुटू लागतात. सुटलेले कण दिसले की शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. ती मारामारी म्हणजे तुमचा लाल अंगठा. पेठेतला जुना वाडा पाडायला घेतला की पहिले काही महिने शेजाऱ्यांच्या नाकात धूळ जाते, तसंच हे. पण धूळ उडाली म्हणून वाडा पाडायचा थांबवून पुन्हा बांधायला घ्या, असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र आपण नेमकं तेच करतो. गोळी बंद, पातळी पुन्हा वर, नवे थर. सहा महिन्यांनी नवा डॉक्टर, नवी पट्टी आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच अंगठा.

आता गंमत बघा. यातलं काहीही डॉक्टरांपासून लपलेलं नाही. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली स्पष्ट लिहून ठेवलं: ॲलोप्युरिनॉल दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, फेबुक्सोस्टॅट ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, एवढ्यावर सुरुवात करा. मूत्रपिंड अधू असेल तर आणखी जपून. मग तपासत तपासत डोस वाढवा आणि पातळी ६ च्या खाली आणा. सोबत किमान तीन ते सहा महिने झटका आवरणारं औषध द्या, बहुधा कमी डोसातलं कोल्चिसिन. ॲलोप्युरिनॉल सुरू करणाऱ्या ४३ रुग्णांचा एक छोटा अभ्यास २००४ साली आला. कोल्चिसिन घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना झटका आला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ७७ टक्क्यांना. म्हणजे हे संरक्षण नसेल तर अंगठा पेटणं हा अपवाद नाही, तो कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय आहे.

पण कार्यक्रमपत्रिका रुग्णाला दाखवायची कुणी? केबिनमध्ये तीन मिनिटं मिळतात. त्यातलं एक रिपोर्ट उलगडण्यात जातं, एक डॉक्टरांचा फोन वाजण्यात. उरलेल्या मिनिटात ‘रोज एक, जेवणानंतर, महिन्याने दाखवा’. ‘सुरुवातीला दुखणं वाढू शकतं, घाबरून गोळी सोडू नका’ हे वाक्य म्हणायला पाच सेकंद लागतात, आणि नेमकं तेच चिठ्ठीवर मावत नाही. पथ्याला मात्र सगळ्यांकडे वेळ आहे. छापील कागद असतो, त्यावर डाळी-भाज्यांची फुली मारलेली यादी. भाज्या आणि डाळींतल्या प्युरिनमुळे (शरीर ज्यापासून युरिक ॲसिड बनवतं त्या द्रव्यामुळे) गाऊटचा धोका वाढत नाही, हे बारा वर्षं हजारो पुरुषांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी अभ्यासाने २००४ सालीच दाखवलं. दोषी निघाले मटण, मासळी आणि बिअर. ताक-दूधवाले उलट फायद्यात. पण यादीतून पालक जातो आणि शनिवारची बिअर राहते, कारण ती यादीत नव्हतीच. शिवाय पथ्य कितीही कडक पाळलं तरी पातळी साधारण एखाद्या मिलिग्रॅमनेच हलते. ९ वर असलेल्या माणसाला वरणाशिवाय भात खाऊन ६ गाठता येत नाही. भात मात्र कोरडा होतो.

कोल्चिसिनबद्दलही चार शब्द, कारण तेही साधूसंत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या पाकळ्यांनी फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असतं, आणि तो कंद खाऊन माणसं मेली आहेत. (उद्या व्हॉट्सॲपवर ‘गाऊटवर रामबाण कंद’ आला तर पुढे ढकलू नका.) गोळीतही औषध आणि विष यांच्यातलं अंतर थोडकंच. जुलाब लागले तर आणखी एक घेऊन बघू नये, डॉक्टरांना फोन करावा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर ते आधी सांगावं. अमेरिकेत मात्र या गोळीने वेगळाच झटका दिला. शतकानुशतकं वापरात असलेल्या या औषधाला २००९ साली तिथल्या सरकारी खात्याने एका कंपनीच्या नावे रीतसर मंजुरी आणि मक्तेदारी दिली, आणि नऊ सेंटची गोळी चार डॉलर पंच्याऐंशी सेंटची झाली. आपल्याकडे ती अजून स्वस्त आहे. महाग आहे ते वर सांगितलेलं पाच सेकंदांचं वाक्य.

झटका आलाच तर तो वेगळा शमवायचा: बर्फ, आराम आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध. ओळखीच्या मेडिकलवाल्याने दिलेली ‘जोरदार’ वेदनाशामक गोळी नको, विशेषतः मूत्रपिंड कुरकुरत असेल तर. मधुमेह असेल आणि स्टेरॉइड सुरू झालं, तर साखरेवर डोळा हवा. ताप भरून सांधा सुजला तर तो गाऊटच असेल असं घरी ठरवू नये, सांध्यात जंतुसंसर्गही असू शकतो. या सगळ्यात युरिक ॲसिडची रोजची गोळी चालूच राहते. अपवाद अंगावर उठलेल्या पुरळाचा: ॲलोप्युरिनॉल घेताना तो दिसला तर गोळी त्याच क्षणी थांबवून दवाखाना गाठायचा. तिथे थांबणारे शहाणे. अंगठ्यासाठी थांबणारे फक्त कंटाळलेले.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. गाऊटच्या काही रुग्णांना नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवलं, काहींना प्रशिक्षित नर्सकडे सोपवलं. नर्स बसवून समजावून सांगायची, झटका का येतो ते सांगायची, डोस हळूहळू वाढवायची. दोन वर्षांनी नर्सच्या गटातल्या ९५ टक्के रुग्णांची पातळी ठरल्या मर्यादेखाली होती, डॉक्टरांच्या गटात ३० टक्के. औषधं दोघांकडे तीच. हा निकाल २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आपल्याकडच्या चकचकीत इस्पितळांनी त्यावरून धडा घेतला असेलच, म्हणून चौकशी केली. एका ठिकाणी समुपदेशनाचा स्वतंत्र कक्ष आहे म्हणाले. तिथे विमा मंजूर करून घेण्याबद्दल फार छान समजावून सांगतात.