काटा यायला थंडी लागते

(रंगमंचावर बैठी शेगडी. तिच्यावर पितळी परात, शेजारी वाटीत पाक. साठीच्या काकू: अंगात स्वेटर, त्यावर शाल, कानाला स्कार्फ. परातीतले तीळ बोटांनी फिरवत बोलतात.)

या, बसा. हसलात तर चालेल. शिंकलात तर मात्र ही परात तुमच्या घरी पाठवून देईन, पुढचं तुम्ही करा.

पहाटेचे साडेपाच वाजलेत असं समजा. नाटकात समजायचंच असतं. आमचे हे लग्न झाल्यापासून समजतायत की चहा आपोआप होतो.

(चमच्याने पाक सोडतात.) अर्धा चमचा. बास! तीळ नुसता ओला झाला पाहिजे, त्याला आंघोळ नाही घालायची. आता फिरवायचं. हलक्या बोटांनी. जोरात फिरवलं तर संक्रांतीच्या हलव्याचा काटा मोडतो, नाही फिरवलं तर सगळे तीळ एकमेकांच्या गळ्यात पडतात. परात किती तापवायची? बोट ठेवता येईल, पण ठेवावंसं वाटणार नाही, इतपत.

आता हे सगळं सुरू कशामुळे झालं? सूनबाईमुळे. डिसेंबर लागला की ती कोमेजते. ‘आई, थंडीत काही क्रिएटिव्ह सुचतच नाही हो.’ म्हणून तिने ऑनलाइन कोर्स लावला. पैसे भरून! पहिला धडा काय, तर पहाटे उठायचं आणि मनात येईल ते तीन पानं लिहायचं. लिहिलं बिचारीने. पहिल्या पानावर, ‘थंडी वाजतेय.’ पानभर तेच. दुसऱ्या पानावर माझा विषय निघाला. तिसरं पान तिने मला दाखवलं नाही.

मी म्हटलं, पहाटे उठतेच आहेस, तर ये, इथे बस. वही ठेव, तिळाला पाक दे.

(पुन्हा पाक सोडतात.) बसली. आणि लगेच विचारलं, ‘आई, हा हलवा किती वेळात होतो?’ म्हटलं, चार-पाच दिवस. तिला वाटलं, मी मिनिटं म्हणायच्या ऐवजी दिवस म्हणाले. अगं, आज थोडे थर, उद्या थोडे थर. तिळाएवढा जीव, त्याला ज्वारीच्या दाण्याएवढा करायचाय. घाई केलीस, शेगडी मोठी केलीस, की साखर पिवळी पडते. मग तो हलवा नाही, ते प्रायश्चित्त.

तेवढ्यात हे आले. रिटायर्ड इंजिनीयर. रिटायर्ड मनुष्य परवडतो, रिटायर्ड इंजिनीयर नाही! हातात ते कपाळावर रोखून ताप बघायचं पिस्तूल, करोनातलं. रोखलं तिळावर. म्हणाले, ‘नॉर्मल आहे.’

पण एक त्यांनी बरोबर सांगितलं, कबूल करायला हवं. (प्रेक्षागृहाकडे पाहत, आवाज खाली.) त्यांना सांगू नका. म्हणाले, थंड कोरड्या हवेत पाकातलं पाणी चटकन उडतं, आणि साखर जागच्या जागी टोकं धरते. दमट हवेत ती नुसती चिकट बसून राहते. म्हणून पुण्यात पारा दहा-अकरावर आला की आमच्या परातीला काटा येतो. आणि मुंबईत? पारा वीसवर आला की लोक माकडटोप्या काढतात, पण हवेला घाम आहेच! माझी नणंद दादरला. जिद्दीची. तिने बेडरूममध्ये एसी लावून शेगडी मांडली. काटा आला म्हणे. हलव्याला थोडा, आणि बिल बघून तिच्या नवऱ्याला भरपूर.

(बोटं वर धरून दाखवतात. बोटांना साखर.) हे बघितलंत? या बोटांनी मोबाईल धरता येत नाही. सूनबाईचा फोन टेबलावर थरथरतोय, ऑफिसचा ग्रुप पेटलाय, आणि हिची दहाही बोटं पाकात! आधी तडफडली. मग गप्प बसली. मग काही वेळाने आपणहून म्हणाली, ‘आई, यंदा बाळाच्या बोरन्हाणाला हलव्याचे मुकुट-बासरी सगळेच करतात. मी वेगळं करू?’ कोर्सात जे सुचलं नाही, ते फोन हाताला लागेना तेव्हा सुचलं.

काय केलं असेल? पुठ्ठ्यावर काळं कापड, त्यावर हलव्याची नक्षी... हेडफोन! बाळाला. आणि नवऱ्याला हलव्याचं आयडी कार्ड, गळ्यात अडकवायच्या माळेसकट. आमच्या ह्यांनी विचारलं, ‘याने ऑफिसचं दार उघडतं का?’ सोहळ्यात बाळाच्या डोक्यावर बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे पडले. पोरं लुटायला धावली, आणि बाळ शांतपणे स्वतःचा हेडफोन खात बसलं.

नणंद म्हणाली, ‘विकत मिळतात की हलव्याचे दागिने.’ मिळतात! सुंदर मिळतात. करणाऱ्या बायकांची बोटं भाजलेली असतात, म्हणून किंमत करताना घासाघीस करू नका. पण विकतच्या दुकानात हेडफोन नव्हता.

आणि वेळ नाही म्हणू नका. संक्रांत सवडीने येणारी बाई आहे. विवेकानंद जन्मले तो दिवस संक्रांतीचा, १२ जानेवारी १८६३. आता ती १४ नाहीतर १५ जानेवारीला येते. सत्तरएक वर्षांत एक दिवस सरकते. यायचं कशावर बसून, नेसायचं काय, सगळं पंचांगात छापून. आणि तिने पिवळं नेसलं की आपण पिवळं नेसायचं नाही! इतका मान मला या घरात अजून मिळालेला नाही. शिवाय हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. म्हणजे उशीर झाला तरी चालतो.

(शेवटचा पाक सोडतात. परात प्रेक्षकांकडे तिरकी करून दाखवतात.)

तर घरी कराल ना? पाक एकतारीच घ्या, मळी काढायला चमचाभर दूध घाला. आणि पहिल्यांदाच करणार असाल तर तिळाच्या नादी लागू नका, साबुदाणा घ्या. तो मोठा असतो, बोटाला सापडतो. आणि बिघडलाच, तर नवऱ्याच्या चहात घाला, त्याला वाटेल चहा आपोआप गोड झाला!

(अंधार.)