गट नंबर १०४

महसूल खात्याच्या दफ्तरांत हयात घालवून जो मनुष्य उतारवयात हिवरे बाजारसारख्या शिस्तीच्या गावी येऊन राहतो, त्याची एक विलक्षण अडचण होते, ती अशी की गावात त्याने सुधारावे असे काही शिल्लकच राहिलेले नसते. इतर गावी पेन्शनर इसमास तंटे तोडावयास मिळतात, पाण्याविषयी अर्ज लिहावयास मिळतात, निदान पारावर बसून ग्रामपंचायतीच्या कारभाराची यथेच्छ निर्भर्त्सना तरी करता येते. येथे पोपटराव पवार यांनी १९९० च्या सुमारास सरपंचपदाची सूत्रे हाती घेतल्यापासून पावसाच्या थेंबाथेंबाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, वर्षाकाठी जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या त्या पावसात ऊस आणि केळी यांचे नावही कोणी काढीत नाही, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री लहान पोरासही मुखोद्गत असते. पैकी पहिली तीन मी काहीही न करता पाळतो, आणि उरलेल्या दोहोंची अपेक्षा माझ्या वयाच्या माणसाकडून कोणी करीत नाही. सबब मी एक चिनी अक्षर शिकावयाचे ठरविले.

चिनीच का, या प्रश्नाचे उत्तर सोलापुरात आहे. तेथील द्वारकानाथ कोटणीस हा तरुण डॉक्टर, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ साली पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. त्या पाचांनी आपापल्या चिनी नावांच्या शेवटी चीन देशाचे वाचक असे ‘हुआ’ हे अक्षर लावून घेतले, आणि कोटणीस ‘ख ती-हुआ’ झाले. बाकीचे यथावकाश परतले. हे गृहस्थ जपानशी लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेत राहिले, बेथ्यून या कॅनेडियन डॉक्टरांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले, आणि तेथील विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाशास्त्र चक्क चिनीतून शिकवू लागले. सोलापूरच्या माणसाने तोफांच्या आवाजात जी भाषा आत्मसात केली, तिचे एक अक्षर नगर तालुक्याच्या माणसास निवांत ओसरीवर बसून येऊ नये, हे मला जिल्ह्याच्या लौकिकाच्या दृष्टीने कमीपणाचे वाटले.

आता अक्षर कोणते? वृद्धांच्या संभाषणातून आजार वजा घातला तर बाकी काय उरते, याचा हिशेब करून मी ‘रोग’ या अर्थाचे अक्षर निवडले.

चिनी कोशांची रचना पाहून माझ्यातील जुना तलाठी गहिवरला. इकडे साताऱ्यास शाहू महाराजांच्या दरबारी बाळाजी विश्वनाथ पेशवेपद सांभाळीत होते, त्या काळात म्हणजे १७१६ साली, खांगशी बादशहाच्या आज्ञेने एक अजस्र शब्दकोश सिद्ध झाला. त्यात ४७ हजारांवर अक्षरे असून ती सर्व २१४ मूलचिन्हांखाली लावलेली आहेत. म्हणजे गट नंबर आले, पोटहिस्से आले, फक्त आणेवारीचा रकाना तेवढा राहिला. यांतील गट नंबर १०४ हा सर्वस्वी आजारांकरिता राखून ठेवलेला आहे. चिन्ह असे: वर एक ठिपका, त्याखाली आडवी रेघ, तिच्या डाव्या टोकापासून खाली ओघळत गेलेला लांब फराटा, आणि त्या फराट्याला बाहेरून चिकटलेले दोन लहान फटकारे. प्राचीन काळी हाडांवर अक्षरे कोरीत, तेव्हा येथे खाट आणि तिच्यावर पडलेला मनुष्य स्पष्ट दिसत असे, काही ठिकाणी घामाच्या थेंबांसह. पुढे लेखनिकांच्या घाईत मनुष्य पुसट झाला आणि खाट भिंतीला टेकवून उभी राहिली.

या खाटेवर जे आणून ठेवावे त्याप्रमाणे आजार ठरतो. ‘रोग’ या अक्षरात जे चिन्ह ठेवले आहे ते चिनी कालगणनेतील दहा दैवी क्रमांकांपैकी तिसरे. चिनी करारनाम्यांत पहिला पक्ष आणि दुसरा पक्ष यांच्या मागून जो येतो, तो याच चिन्हाने दर्शवितात. विद्वान लोक सांगतात की ते केवळ उच्चार सुचविण्यासाठी आहे, अर्थाशी त्याचा संबंध नाही. ते खरेच असेल, पण ज्याने जन्मभर खरेदीखते वाचली आहेत त्यास खाटेवर एक तिऱ्हाईत इसम पडलेला दिसल्यावाचून राहत नाही. आणि आजारपणाचे याहून यथार्थ वर्णन मला तरी ठाऊक नाही, कारण माझ्या कमरेत जो बसला आहे तो माझ्या घराण्यातला खचित नव्हे.

उच्चाराची कथा निराळी आहे. इंग्रजी वळणाच्या पुस्तकांत हा शब्द ‘बिंग’ असा वाचावा लागतो, आणि रोगाचे बिंग फुटते तेव्हाच वैद्याकडे जाणे होत असल्याने मला तो फार पसंत पडला होता. प्रत्यक्षात तो ‘पिंग’ आहे. चिनी कानाला प आणि ब यांत भेद नाही, भेद आहे तो प आणि फ यांत, त आणि थ यांत, क आणि ख यांत. ज्या गोष्टीसाठी विलायती विद्यार्थी तोंडापुढे कागद धरून फुंकरा मारीत बसतात, ती आम्ही बाराखडीतच उरकलेली असते. आमची फजिती होते ती सुरात. ‘पिंग’ वरून खाली आपटला, जसे पोराला दटावतो तसा, तर रोग. तोच खाली बुडवून वर काढला तर धपाट्यासारखा एक खाद्यपदार्थ, आणि उंच धरून ठेवला तर बर्फ. मी ओसरीवर या तिघांची उजळणी करीत असता आतून विचारणा झाली, “अहो, ठसका लागलाय का? पाणी आणू?”

लेखनाच्या सरावासाठी चिनी मुले जी वही वापरतात, तिच्यातील प्रत्येक चौकोन मध्ये उभी आणि आडवी रेघ मारून चार भागांत वाटलेला असतो. ती आकृती म्हणजेच ‘शेत’ या अर्थाचे अक्षर, आणि वहीचे नावही त्यावरूनच पडलेले आहे. तशी पाने आखून मी त्यांत दहा फटकाऱ्यांचे माझे अक्षर पेरीत बसलो होतो, तो शेजारचे आबा येऊन पाठीमागे उभे राहिले. बांधबंदिस्ती, सलग समतल चर आणि पाझर तलाव यांत ज्यांचे तारुण्य गेले, अशा माणसाची नजर अक्षराकडे जाईलच कशी? ते म्हणाले, “तात्या, बांध झ्याक घातल्यात. पर सांडवा कुठंय?” चार हजार वर्षांच्या चिनी संस्कृतीच्या वतीने मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

मग मी त्यांना गट नंबर १०४ मधील इतर खातेदार दाखविले. खाटेवर मेंढी ठेवली की खाज होते. आबांना हे तात्काळ पटले, कारण चराईबंदीच्या गावात मेंढी छपराखालीच बांधावी लागते आणि गोचिडांचा अनुभव सर्वांनाच असतो. खाटेवर वारा आला की वेड लागते, हे तर आमच्या वातप्रकोपाचेच सहोदर. खाटेवर ‘गुप्त’ ठेवले की व्यसन, आणि या ठिकाणी आबा किंचित खाकरले, कारण गावातील दारूचे गुत्ते बंद होण्यापूर्वीचा काळ त्यांनी पाहिलेला आहे, आणि माझी समजूत अशी की नुसताच पाहिलेला नाही. मूळव्याधीच्या अक्षरात खाटेवर चक्क देऊळ आहे. तेही उच्चारापुरतेच म्हणतात, पण सात दिवस फरशीवर मांडी घालून हरिनाम सप्ताह ऐकलेल्या कोणाही श्रोत्याला विचारून पाहावे. आणि खाटेवर ‘ज्ञान’ ठेवले की होतो तो खुळेपणा. हे अक्षर मी आबांना दाखविले नाही, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिले असते.

इंद्रियांचा गट वेगळा आहे. यकृत, फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड या सर्वांच्या अक्षरांत चंद्रासारखे दिसणारे एक चिन्ह असते. ते वस्तुतः मांसाचे चिन्ह असून लिहिण्याच्या ओघात त्याचा चंद्र झाला. पंचप्रधान इंद्रियांत एकटे हृदय तेवढे या चंद्रावाचून आहे, ते स्वतःच्या तीन ठिपक्यांवर आणि एका वळणावर स्वतंत्रपणे नांदते. जमाबंदीत इनाम जमिनीची नोंद वेगळी असे, तशातला हा प्रकार.

गटाच्या शेवटच्या पानांत मला अपस्मार सापडला. तो दोन अक्षरांत लिहितात आणि दोन्ही अक्षरांना तीच खाट आहे. अपस्माराच्या झटक्यांनीच कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान परिचर्या शिकवीत असत, आणि मुलगा अवघ्या काही महिन्यांचा होता. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ते पान मी त्या दिवशी गिरविले नाही.

आमच्या गावाने मात्र गट नंबर १०४ शी उघड दावा मांडलेला आहे. लग्नापूर्वी वधूवरांची एचआयव्ही तपासणी व्हावी असा येथे ग्रामसभेचा निर्णय आहे. त्या रोगाचे चिनी नावही ‘पिंग’नेच संपते, हे मी सांगितले तेव्हा लोकांनी फारसे औत्सुक्य दाखविले नाही. २०२१ साली महामारीच्या दुसऱ्या लाटेत गाव कोरोनामुक्त झाले. साथीच्या अक्षरात खाटेवर शस्त्र धरलेला हात असतो. तो हात रोगाचा की वैद्याचा, यावर मी एक लेख लिहिण्याच्या विचारात होतो, पण घरातून निराळे प्रकरण दाखल झाले.

माघातली थंडी होती आणि सौभाग्यवतींचे गुडघे धरले होते. मी प्रसंगोचित विद्वत्तेने वही पुढे केली आणि सांगितले की दुखण्याचे जे अक्षर आहे, त्यात खाटेवर हिवाळा ठेवलेला आहे, आणि त्याच अक्षराचा दुसरा अर्थ जीव लावणे, लाड करणे असाही होतो. तिने दुसऱ्या अर्थाकडे साफ दुर्लक्ष केले. अक्षर लांब धरून पाहिले, आणि विचारले, “हिवाळा काढून टाकला तर मागं काय राहतं?”

“नुसती खाट.”

“मग तिच्यावर तुम्ही पडा,” ती म्हणाली, “आणि उठाल तेव्हा शेकायला विटकर तापवून ठेवा. डेअरीची गाडी यायची वेळ झाली, मला धारा काढायच्या आहेत.”