आधीच्याला काय झालंय? अर्थात बेताच्या पैशांत कॅमेऱ्याची बॉडी बदलण्याचा शास्त्रोक्त विधी

कॅमेऱ्याची बॉडी बदलावी ही इच्छा माणसाला साधारण रात्री साडेअकरानंतर होते. दिवसा होत नाही. दिवसा ऑफिस असतं, आणि दिवसाच्या उजेडात जुन्या कॅमेऱ्याचेही फोटो झकास येतात. रात्री मात्र मोबाइलवर कुणीतरी परदेशी गृहस्थ एकाच विटांच्या भिंतीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून दाखवत असतो. आयएसओ १२,८०० वर डावीकडच्या विटा किती रवाळ आणि उजवीकडच्या किती तुकतुकीत! आपण जन्मात कधी विटांचा फोटो काढलेला नसतो. तरीही आपल्या विटांवर आजवर फार अन्याय झाला, असं वाटायला लागतं.

प्रस्तुत मार्गदर्शन अशाच पीडितांसाठी आहे. पात्रतेच्या अटी अशा: वास्तव्य हैदराबादेत, काचीगुडा-बरकतपुऱ्यापासून कोंडापूरपर्यंत कुठेही. जवळ दहा-बारा वर्षांपूर्वीचा निकॉन डी३१०० किंवा कॅनन १२००डी, त्याला किट लेन्स. खात्यात चाळीस हजार रुपये, जे घरच्यांच्या मते फ्रिजचे आहेत. ज्यांच्याकडे दोन लाख आहेत त्यांनी पुढे वाचू नये. त्यांना मार्गदर्शनाची गरज नसते आणि आम्हाला त्रास होतो.

विधीचा आरंभ दुकानात होत नाही, स्वयंपाकघरात होतो. आई फोडणी देता देता एकच प्रश्न विचारते: "आधीच्याला काय झालंय?" या प्रश्नाची पूर्वतयारी न करता कोठीच्या कॅमेरा-दुकानांत गेलेले अनेक जण हात हलवत परतले आहेत.

'मेगापिक्सेल कमी पडतात' हे उत्तर देऊ नये. डी३१०० चे मेगापिक्सेल १४.२ आहेत. म्हणजे ४६०८ गुणिले ३०७२ ठिपके. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या मापाने त्यातून पंधरा बाय दहा इंचांचा फोटो निघतो. आपल्या घरात आजवर भिंतीवर लागलेला सर्वांत मोठा फोटो आजोबांचा आहे आणि तो बारा बाय दहाचा आहे. उरलेले सगळे फोटो 'कुलकर्णी परिवार' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात. तिकडे नुसते पाठवले, की ते आक्रसून दोनएक मेगापिक्सेलचे होतात. त्यावर मामी अंगठा दाखवते. अंगठ्याला १४.२ पुरतात.

'सगळ्यांकडे नवीन आहे' हेही चालत नाही. हे उत्तर आईने तुमच्या सहावीतच बाद केलेलं आहे.

खरं उत्तर हवं असेल तर रविवारी सकाळी गेल्या वर्षभरातले बिघडलेले फोटो काढून बसावं. चांगले नव्हे, बिघडलेले. प्रत्येक फोटोच्या पोटात शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओची नोंद असते. ती पाहावी आणि गुन्हेगार ठरवावा. लाड बाजारात बांगड्यांच्या दुकानात काढलेला फोटो हललाय? शटर एक पंधरांश सेकंद दिसतंय? मग उजेड कमी पडला. आरोपी लेन्स. अमीनपूर तलावावर कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत होता, फोकस मागच्या लव्हाळ्यावर गेला? इथे बॉडीवर गुन्हा दाखल करता येईल. त्याने सूर मारला तेव्हा कॅमेरा आधीचे फोटो कार्डावर उतरवत थांबून राहिला होता? गुन्हा सिद्ध. आणि ज्या फोटोत सगळं स्वच्छ, टोकदार आहे पण बघावंसं काहीच नाही, तो मुकाट्याने पुसून टाकावा. त्याचा आरोपी बाजारात बदलून मिळत नाही.

इथे थोडं इतिहासाकडे. या शहराला कॅमेऱ्याचं वेड लावणारा माणूस मुळात सरकारी नोकर होता. लाला दीनदयाळ रुरकीला अभियांत्रिकी शिकले आणि १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात लागले. तिथे काम काय, तर ड्राफ्ट्समनचं आणि अंदाजपत्रकं करण्याचं. १८७४ च्या सुमारास हौस म्हणून फोटो काढू लागले. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला. पुढे हैदराबादेत सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खानांचे, ते दरबारी फोटोग्राफर झाले, सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला, 'मुसव्विर जंग' किताब मिळवला. १८९२ साली त्यांनी इथे पडदानशीन बायकांसाठी खास जनाना स्टुडिओसुद्धा काढला. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. यातून होतकरूंनी घ्यायचं ते एवढंच: हैदराबादच्या फोटोग्राफीचा मूळपुरुष आधी अंदाजपत्रक करायला शिकला, फोटो मागून. आपण उलटं करतो. (दीनदयाळांचं नाव दुकानदारासमोर काढू नये. "वो जमाना अलग था साब" म्हणून तो सगळ्यात महागडी पेटी काढतो.)

आता लेन्सचा मुद्दा, जो दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. किट लेन्स पुढे सरकवून ५५ एमएमला नेली की तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० एमएम एफ/१.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. छायाचित्रकारांच्या भाषेत तीन स्टॉपहून जास्त. जुनी बॉडी देऊन त्याच वर्गातली नवी घेतली तर अंधारात मिळणारा फायदा फार तर एखाद स्टॉपचा. म्हणजे नुमाइशच्या प्रदर्शनातल्या पाळण्याखाली, जानेवारीच्या रात्री, भाचीचा फोटो हलू नये एवढीच तुमची मागणी असेल तर ती चाळीस हजारांची मागणीच नाही. हे कळल्यावर जे वाईट वाटतं, ते वाटू द्यावं.

मात्र लेन्स घेतानाही खड्डा आहे आणि त्यात निकॉनवाले नेमाने पडतात. स्वस्तातली जुनी, नावामागे 'डी' असलेली ५० एमएम लेन्स डी३००० आणि डी५००० च्या मालिकेतल्या बॉडींवर आपोआप फोकस करत नाही, कारण तिला लागणारी मोटर या बॉडींत नाहीच. ती डी७००० च्या मालिकेत आहे. छोट्या बॉडीला 'एएफ-एस' असं लिहिलेली लेन्सच पाहावी. ३५ एमएम एफ/१.८ जी ही त्यातली गुणी. घरातल्या खोल्यांच्या मापाला ५० एमएमपेक्षा तीच बरी पडते. ५० लावलीत तर सगळ्यांना एका फोटोत घ्यायला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागतं.

इतकं ऐकूनही बॉडीच हवी, आणि गुन्हा खरोखर बॉडीवर सिद्ध झालाय, असे काही प्रामाणिक लोक उरतात. त्यांना पहिला मोह होतो फुल फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. जुना कॅनन ६डी किंवा निकॉन डी७५० आता मध्यमवर्गाच्या हाताला लागतो आहे खरा. पण हत्ती दारात बांधणं सोपं, त्याचा चारा महाग. तुमच्या कॅननच्या, लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स ६डी वर बसतच नाहीत. निकॉनच्या तसल्याच डीएक्स लेन्स डी७५० वर बसतात, पण कॅमेरा चित्राची कड कापतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण दहा उरतात. म्हणजे डी३१०० पेक्षाही चार कमी. फ्रिजचे पैसे घालून.

दुसरा मोह मिररलेसचा. दुकानदार सांगेल की डीएसएलआर संपला. त्यात तथ्य आहे: २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. पण ही बातमी ऐकून दु:खी चेहरा करावा आणि मनात आनंद मानावा. ज्याचं कौतुक संपलं ते स्वस्त होतं. शहरातले लग्नाचे फोटोग्राफर मिररलेसकडे वळत आहेत आणि त्यांच्या जुन्या, एक वर्ग वरच्या बॉडी काउंटरवर येऊन बसत आहेत. आपलं भाग्य तिथे आहे. नव्या पेटीतला खालच्या वर्गाचा कॅमेरा आणि वापरलेला वरच्या वर्गाचा, दोघांचा दर एक असेल तर दुसरा घ्यावा. दोन डायल, मोठं व्ह्यूफाइंडर, निकॉनमध्ये दोन कार्डं. फोकसचे बिंदू डी३१०० ला ११, डी७२०० ला ५१. खंड्याची भीती निम्मी जाते. त्यातही डी७१०० आणि डी७२०० शेजारी दिसले तर दुसऱ्यावर चार पैसे जास्त घालावेत. पहिल्याचा बफर, म्हणजे कार्डावर उतरण्याआधी फोटो थांबतात ती जागा, इतका तोकडा की रॉमध्ये सलग फोटो घेतले की सेकंदभरात त्याला दम लागतो.

आता काउंटर. इथे घाई नको. ठिकाण कोठी-आबिडस् परिसर, वेळ दुपारची. संध्याकाळी गर्दी असते आणि दुकानातल्या दिव्याखाली सगळंच नवीन दिसतं. तोंडावर भाव दिसू देऊ नयेत. विकणारा म्हणेल, "शादी में गया-इच नै साब. डॉक्टर साब का है, घर में-इच पडा था." हैदराबादेतला प्रत्येक जुना कॅमेरा डॉक्टरसाहेबांचा असतो. शहरात इतके डॉक्टर फोटो काढत असतील तर ऑपरेशनं कोण करतं, हा प्रश्न मनातच ठेवावा आणि कॅमेरा हातात घ्यावा.

आधी माथ्यावरची फ्लॅशची खाच पाहावी. डॉक्टरसाहेबांनी तिथे फारसं काही बसवलेलं नसतं, त्यामुळे काळा रंग शाबूत असतो. रंग उडून धातू चमकत असेल तर रोज रात्री तिथे फ्लॅश चढला आणि उतरला आहे. मग खिशातून घडीचं भिंग काढून मोड डायलच्या कडेची बारीक खाच पाहावी. तेलुगू लग्नात मुहूर्त पुष्कळदा मध्यरात्रीनंतरचा, आणि तलंब्रालूच्या वेळी वधूवर एकमेकांच्या डोक्यावर हळदीचे तांदूळ अक्षरशः ओंजळींनी ओततात. फोटोग्राफर हातभर अंतरावर असतो. बॉडी कितीही पुसली तरी डायलच्या खाचेत पिवळी रेघ राहते. ती नखाने खरवडून शांतपणे विकणाऱ्याला दाखवावी. काही बोलू नये. दर आपोआप खाली येतो.

पुढची परीक्षा आकड्यांची. स्वतःचं कार्ड घालून एक फोटो काढावा आणि मोबाइलवर त्याची माहिती उघडावी. निकॉनच्या फोटोत शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा लिहिलेला असतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो असा सहज दिसत नाही. डी७२०० चं शटर दीड लाख वेळांच्या हिशेबाने बनवलंय. म्हणून लाखाच्या आत असेल तर बोलणी चालू ठेवावीत. दोन लाखांच्या पुढे असेल तर डॉक्टरसाहेबांना नमस्कार सांगावा. मग झाकण लावून मोठ्या आयएसओवर एक काळा फोटो घ्यावा, त्यात तारे दिसले तर ते सेन्सरवरचे आहेत, आकाशातले नव्हेत. एफ/१६ वर दाराबाहेरच्या मोकळ्या आभाळाचा एक घ्यावा, धुळीचे डाग दिसतात. डाग साफ होतात, त्याला घाबरू नये, फक्त चेहरा गंभीर करावा. माउंटचे स्क्रू ओरखडलेले असतील तर आत कुणाचा तरी हात फिरलाय. कार्डाच्या खोबणीतल्या बारीक पिना मोबाइलच्या टॉर्चने पाहाव्यात, एक वाकली तरी उठावं. तळाचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळवावा.

बिल नाही म्हणाले तर? नव्या कॅमेऱ्याला अठरा टक्के जीएसटी आहे (२०१९ पूर्वी अठ्ठावीस होता), त्यामुळे 'बिना बिल' नवाकोरा स्वस्तात मिळतो अशी कुजबुज होईल. त्याच्यासोबत 'इंटरनॅशनल वॉरंटी' नावाचं एक सुंदर कार्ड येतं. ते कार्ड जपून ठेवावं, कारण आणीबाणीत त्याचा उपयोग पुस्तकात खूण म्हणून होतो. वापरलेल्या बॉडीलाही मूळ बिलाची प्रत मागावी. ती नसेल तर आपण चोरीचा माल घेतला नाही हे पुढे कुणाला पटवणार?

घासाघीस किती करावी याला शास्त्र नाही. दोनदा उठून दारापर्यंत जावं. तिसऱ्यांदा गेल्यास खरोखर जावं लागतं.

तर चाळीस हजारांचा आमचा निकाल असा. फोटो अंधारात हलत असतील तर बॉडी बदलू नका, ३५ किंवा ५० एमएम एफ/१.८ घ्या आणि उरलेल्या पैशांत फ्रिज पाहा. पक्षी, पळती पोरं किंवा स्टेजवरचं नाटक निसटत असेल, तर वापरलेला डी७२०० किंवा कॅनन ८०डी, शटर लाखाच्या आत, बिलासकट, हळदीशिवाय. फुल फ्रेम नको. मिररलेस पुढच्या खेपेला. खैरताबादचा गणपती फ्रेममध्ये मावत नाही ही तक्रार घेऊन मात्र कुणी येऊ नये. २०२४ साली तो सत्तर फुटांचा होता. त्याला बॉडी लागत नाही, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर जागा लागते, आणि ती मिळवायला पहाटे पाचला जा.