कोडीसाहेब, तुम्हांला सगळं ठाऊक होतं!

प्रति,
विल्यम फ्रेडरिक कोडी ऊर्फ ‘बफेलो बिल’ यांस,

१९१७ साली तुम्ही गेलात, पण तुमचा खेळ अजून चालू आहे, म्हणून हे पत्र. काउबॉय म्हटलं की आजही एकच चित्र उभं राहतं : ऐटदार गोरा गडी, कमरेला पिस्तूल, देखणा घोडा आणि आपण कुणाचे ताबेदार नाही असा रुबाब. आमच्याकडे तो इंग्रजी सिनेमांतून आणि खिशात मावणाऱ्या अनुवादित कादंबऱ्यांतून आला. पण मैदानात उभा करून, तिकीट लावून त्याला पहिल्यांदा देशोदेशी फिरवलंत ते तुम्ही.

खेळात रंग भरावेच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. संताप याचा आहे, की खरं काय ते तुम्हांला पुरतं ठाऊक होतं. फ्रँक नॉर्थबरोबर भागीदारीत नेब्रास्कात तुमचं गुरांचं रँच होतं. दिवसभर खोगिरावर, रात्री पाऊसपाणी न बघता गुरांवर पहारा, यात नॉर्थ म्हणाला ती मजा कुठे आहे हे काही आपल्याला कळलं नाही, अशी कबुली १८७९च्या आत्मचरित्रात तुम्हीच दिलीत. आणि चारच वर्षांनी तीच मजा तुम्ही लोकांना विकायला काढलीत!

तुम्ही जे गाळलंत, ते मी सांगतो. टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत दोन-अडीच हजार गुरं न्यायची, दिवसाला दहा-पंधरा मैल, दोन-तीन महिने. माणसं दहा-बारा. नवखा पोरगा कळपाच्या शेपटाला. पुढच्या हजारो खुरांनी उडवलेली धूळ त्याच्या भुवयांवर, नाकातोंडात. तोंडाला बांधलेला रुमाल नावापुरता. जेवायला घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस आणि काळी कॉफी. रात्री दोन-दोन तासांची पाळी : कळपाभोवती हळूहळू घोडा फिरवायचा आणि गुरं बुजू नयेत म्हणून हलक्या आवाजात गात राहायचं. वीज कडाडली की कळप उधळायचा, आणि अंधारात बिळात पाय अडकून घोडा पडला तर स्वार खुरांखाली. कुणी नदी ओलांडताना बुडाला, कुणाचा पाय रिकिबीत अडकून फरफटला. घोडा मालकाचा, गड्याचं स्वतःचं म्हणजे खोगीर. हिवाळा आला की बहुतेकांना घरी बसवायचे.

आता १८८३ साल आठवा. त्या वसंतात टेक्सासच्या पॅनहँडल भागात काउबॉयनी संप केला. महिना २५ ते ४० डॉलर मिळत. त्यांनी ५० मागितले. मालकांनी संपकऱ्यांना काढून टाकलं, नवे गडी घेतले, संप मोडला. त्याच वर्षी मे महिन्यात ओमाहामध्ये तुमच्या ‘वाइल्ड वेस्ट’चा पहिला प्रयोग झाला. तुमच्या काउबॉयने रानघोडे वठणीवर आणले, टपालगाडी वाचवली. पगार मात्र कधीच मागितला नाही.

आणि तो नायक गोराच का? हे काम मुळात मेक्सिकन गुराख्यांचं, वाकेरोंचं. फास टाकणं, गुरांना डाग देणं त्यांच्याकडूनच शिकलेलं. त्यांना तुम्ही पुढे आणलंत, पण कोसॅक घोडेस्वारांच्या रांगेत, परदेशी नमुना म्हणून. इतिहासकारांच्या अंदाजाने चारांतला एक काउबॉय कृष्णवर्णीय होता. गुलामीत जन्मलेल्या नॅट लव्हने वर्षानुवर्षं गुरं हाकली आणि रेल्वेने तो धंदा संपवल्यावर पुलमन डब्यांत पोर्टरची नोकरी धरली. सिंहासनावर मात्र तुम्ही बसवलात तो बक टेलर, ‘काउबॉयचा राजा’.

१८८६-८७च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या माळरानांवर बर्फाखाली गुरं लाखांनी मेली. काटेरी तारांनी कुरणं आधीच बंदिस्त झाली होती. त्यात रँच बुडाली आणि गडी देशोधडीला लागले. वसंतात बर्फ वितळून घळींत सांगाडे उघडे पडत होते, तेव्हा तुम्ही लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाला काउबॉय दाखवत होतात.

तुमचा हा सौदा सिनेमावाल्यांनी जसाच्या तसा उचलला. त्यात नुकसान कुणाचं, असं विचाराल तर ऐका. माळरानावर गुरं राखणाऱ्या मजुराला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने किमान वेतनातून आणि जादा कामाच्या मोबदल्यातून आजही वगळलेलं आहे. हा कायदा तुम्ही केला नाहीत. पण ज्याला सारा देश स्वातंत्र्याचा पुतळा मानतो, त्याची मजुरी विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि ही सवय तुम्ही लावलीत. पॅनहँडलच्या गड्यांनी ५० डॉलर मागितले, तेव्हा ते कशाचेच पुतळे नव्हते. ते कामगार होते. त्यांच्या बाजूने एक तरी प्रयोग तुम्ही करायला हवा होता, कारण त्या कामात मजा नाही हे त्यांच्याइतकंच तुम्हांलाही ठाऊक होतं.

आपला,
एक संतप्त वाचक