भाऊंचा फेटा आणि मुखपृष्ठ

"ताई, तुम्हीच दोन शब्द सांगा आमच्या ह्यांना. माझं ऐकायचं नाही असं त्यांनी बोहल्यावरच ठरवलंय."

वहिनींनी कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली, म्हणजे विषय मोठा होता. पुण्यात, बिबवेवाडीत आमच्या गल्लीतल्या भिंती अजून छातीएवढ्याच आहेत. गंगाधामच्या बाजूला टॉवर उठले, तिथली माणसं म्हणे लिफ्टमध्येही एकमेकांकडे बघत नाहीत. आमच्याकडे बातमी आधी भिंतीवरून जाते, व्हॉट्सअ‍ॅपवर मागाहून.

बातमी अशी की भाऊंचं पुस्तक येतंय. नोकरीतल्या आठवणी, स्वखर्चाने. प्रुफं तपासून झाली, कागद ठरला आणि गाडी मुखपृष्ठावर अडली. भाऊंना पुढे स्वतःचा फोटो हवाय. साधासुधा नाही, पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. मुखपृष्ठ करणाऱ्या मुलीने तीन नमुने पाठवले आणि एकातही फेटा नाही.

"एकात फायलींचा ढीग आहे," वहिनी सांगू लागल्या. "एकात मावळता सूर्य."

"सूर्य कशाला?"

"निवृत्ती म्हणून! आणि तिसऱ्यात नुसता डबा. ऑफिसला न्यायचा, स्टीलचा, चार पुडांचा. वरचं झाकण जरासं कललेलं, पण आत काय आहे ते दिसत नाही. हे म्हणतात, मी काय खानावळ चालवत होतो?"

"वहिनी, डोळे मिटून डबा घ्या," मी म्हटलं.

मी उगाच बोलत नव्हते. माझी सगळी नोकरी वाचनालयाच्या काउंटरवर झाली. नवी पुस्तकं टेबलावर मांडली की आधी माणसाचा हात पुढे होतो, विचार मागून येतो. पुस्तक उचलायचं, उलटं करायचं, मागचा मजकूर वाचायचा आणि पुन्हा पुढची बाजू बघायची. सगळे असंच करतात. त्या दुसऱ्यांदा बघण्यात पुस्तकाचं नशीब ठरतं. चित्रात शोधायला काही उरलं असेल तर पुस्तक घरी जातं. पहिल्या नजरेतच सगळं संपलं असेल तर टेबलावर परत. पुढे तेच पुस्तक बाइंडिंगला गेलं की वरचं चित्र गायब, खाकी पुठ्ठा आणि कण्यावर नंबर. नावाजलेल्या लेखकाला त्याने काही फरक पडत नाही, लोक नाव सांगून मागतात. नवखा लेखक मात्र खाकीत गेला की कपाटात मुक्कामालाच.

"म्हणजे ह्यांचं काय?"

"भाऊ नवखे. पु. लं.चा चेहरा छापला तर चेहऱ्यासाठी पुस्तक जाईल. भाऊंना कोण ओळखतं?"

"वा! अख्खी गल्ली ओळखते."

"गल्लीला तुम्ही फुकट वाटणार आहात."

यावर वहिनी गप्प बसल्या, पण हरल्या नव्हत्या. "मग भडक चित्रं कशी खपायची हो? आमच्या सासऱ्यांकडे अर्नाळकरांची पेटी भरून पुस्तकं होती. अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचे हे. त्या चित्रांत कसलं आलंय शोधायला?"

मुद्दा खरा होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं तर घरोघरी होती. आणि वर रघुवीर मुळगावकरांची चित्रं. रंगाचा फवारा मारून केलेली ती गुळगुळीत कांती, अंधारातून उजेडात आलेला चेहरा. पण रंग भडक म्हणून गोष्ट उघडी पडत नाही. बाई घाबरली आहे एवढंच कळतं, कोणाला घाबरली ते आत. आणि हेच मुळगावकर कॅलेंडरांसाठी देवादिकांची चित्रं काढायचे.

"अगंबाई! तरीच त्या पुस्तकांवरच्या बायका इतक्या सोज्वळ दिसायच्या," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरचे काका मार्केट यार्डातून भाजीच्या दोन पिशव्या सांभाळत आले. काकांचं आयुष्य छापखान्यात गेलं. पुस्तकाचं नाव कानावर पडलं की त्यांच्या पिशव्या आपोआप खाली टेकतात.

"काय चाललंय, मुखपृष्ठ? अहो, आता काय, कॉम्प्युटरवर लाख रंग. आमच्या वेळी दर रंगाला वेगळा ब्लॉक, आणि जितके रंग तितक्या वेळा कागद मशीनमधून काढायचा. एक रंग वाढला की प्रकाशकाच्या कपाळावर आठी. म्हणायचा, दोन रंगांत बसवा. मग चित्रकार काय करायचा? कागदाचा पांढरा हा फुकटचा तिसरा. आणि दोन रंग एकावर एक छापले की चौथा. तोही फुकट. त्या ओढाताणीत जी मजा यायची ना..."

"म्हणजे गरिबीत संसार चांगला होतो म्हणा," वहिनी.

"संसाराचं तुम्ही बघा. मी दलालांबद्दल बोलतोय."

दीनानाथ दलालांचं नाव निघालं की काका थांबत नाहीत. दलाल 1916 साली मडगावात जन्मले, मुंबईत स्टुडिओ काढला, 1945 मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला आणि 1971 मध्ये गेले. मधल्या काळात ज्याच्या पुस्तकांवर त्यांचा हात फिरला नाही असा मराठी प्रकाशक विरळा. काकांचं म्हणणं असं की दलाल आधी पुस्तक समजून घेत आणि मग कुंचला उचलत, म्हणून ऐतिहासिक कादंबरी आणि विनोदी पुस्तक एकाच हातचं वाटत नाही. मला विचाराल तर त्यांच्या रेषेत जोर होता, बाकीचं त्यामागून आलं. यावर आमचं एकमत कधी झालेलं नाही.

"पण ताई, त्या दुसऱ्या चित्रकारांचं काय? ते मांजर-उंदीरवाले?"

"शि. द. फडणीस!" काका आणि मी एकदमच म्हणालो.

'मोहिनी' मासिकाचं 1952 सालचं ते मुखपृष्ठ. तरुण आणि तरुणी शेजारी शेजारी उभे आहेत, कोणी कोणाशी बोलत नाही. एकाच्या कपड्यांवर मांजरं छापलेली, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. खाली एक अक्षर नाही. पुढे काय होणार ते बघणाऱ्याने ठरवायचं. तिथूनच फडणीसांची बिनशब्दांची हास्यचित्रं मासिकांच्या मुखपृष्ठांवर गाजू लागली. स्टॉलवर उभा माणूस आधी हसायचा आणि हसलेला माणूस खिशात हात घालायचाच. नंतर तर त्यांनी गणिताची पाठ्यपुस्तकं चितारली. लसावि-मसाविला घाबरणारी पोरंही पानं उलटायला लागली.

'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकावर वसंत सरवटे ठणठणपाळ नावाचं गमतीदार पात्र काढायचे, ते अंक तर वहिनींच्या घरी माळ्यावर अजून आहेत. सरवटे नोकरीने सिमेंट कंपनीत इंजिनिअर, हे ऐकून वहिनींनी घराकडे बघून मोठ्याने सांगितलं, "ऐकलंत का, नोकरी सांभाळून लोक काय काय करतात!" आतून उत्तर आलं नाही.

मग मी माझं आवडतं उदाहरण काढलं. सत्यजित राय सिनेमाच्या आधीपासून कोलकात्याच्या सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं करायचे. जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'चा बंगाली अनुवाद निघाला. दुसऱ्या कोणी जबडा पसरलेला वाघ काढला असता. रायांनी पुस्तकाभोवती वाघाचं कातडं गुंडाळलं, नुसते पट्टे. पुढे गोळी शिरल्याचं भोक, त्यात पुस्तकाचं नाव. पुस्तक उलटं केलं की मागे गोळी बाहेर पडल्याचं भोक, पुढच्यापेक्षा मोठं, कारण गोळी बाहेर पडताना जखम मोठी करते. म्हणजे पुस्तक हातात घेऊन उलटं करणाऱ्याच्याच हातून गोळी वाघाच्या आरपार जाते.

काका दोन क्षण काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे छापणाऱ्याने दोन्ही बाजू एकाच शीटवर नीट जुळवल्या असणार." छापखान्यातला माणूस!

"बघा, म्हणजे तुमच्यासारखंच," वहिनी मला म्हणाल्या. "तुम्ही पण कोणाबद्दल सांगताना अर्धंच सांगता आणि 'जाऊ दे' म्हणता. मग मला रात्रभर झोप नाही."

एवढ्या वेळात मुखपृष्ठाबद्दल याहून शहाणं कोणी बोललं नव्हतं, फक्त ते माझ्यावर घसरायला नको होतं.

अर्धं सांगायचं म्हणजे खोटं सांगायचं असं मात्र नाही. आमच्याकडे एक कादंबरी आली होती, वर काळोखी वाडा आणि एका खिडकीत दिवा. भुताची म्हणून हातोहात जायची. निघाली भावाभावांच्या वाटणीची. चांगली होती हो, पण परत करताना एका आजोबांनी ती काउंटरवर अशी आपटली की जणू वाटणी त्यांचीच फसली होती. त्या लेखकाचं पुढचं पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही.

"आणि अक्षरं?" काकांनी पिशवी उचलता उचलता विचारलं. "नावाची अक्षरं कोण करतंय?"

हे मात्र आम्ही विसरलोच होतो. कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं काढायचे, तेव्हा नाटक हसवणार की रडवणार ते नुसत्या वळणावरून कळायचं. हल्ली कॉम्प्युटरमधलं एकच वळण घेतात आणि चरित्रापासून पाककृतीपर्यंत सगळ्यांना घालतात. त्यातून आता पुस्तक पहिल्यांदा दिसतं ते मोबाइलवर, अंगठ्याच्या नखाएवढं. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, तिथेही गर्दीत ढकलले जात आपण चार हातांवरूनच बघतो. अशा वेळी बारीक फायलींचा ढीग म्हणजे नुसता करडा डाग. डबा ओळखू येतो.

"फेटाही ओळखू येतो," मागून आवाज आला. भाऊ केव्हापासून दारात उभे होते कोणास ठाऊक.

"येतो ना. पण लग्नाचा अल्बम म्हणून," वहिनी.

भाऊंनी थोडा वेळ काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग म्हणाले, "ठीक आहे, फोटो मागे टाकू. फेट्यातलाच. आणि पुढे डबा. पण ती मुलगी म्हणते खरा डबा द्या, तिला फोटो काढायचाय. नेटवरचा नको, पोचे आलेला हवा."

वहिनींचा चेहरा पडला. "तो? अहो, तो दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिला की मी."

"माझा डबा?"

"तीस वर्षं भरला कोणी?"

मी मध्ये पडले. आमच्याकडे तसाच एक चार पुडांचा आहे, पोच्यांसकट. अडचण एवढीच की त्यावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलंय, वर माहेरकडून आल्याची तारीख.

"नाव मागच्या बाजूला फिरवता येईल," काका म्हणाले. भाऊ लगेच फाटक उघडून डबा घ्यायला आमच्या घराकडे निघालेसुद्धा.