शटर खाली, इतिहास वर

२५ जानेवारीच्या संध्याकाळी वाइन शॉपपुढे जी रांग लागते, तिच्याइतकी राष्ट्रीय एकात्मता मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सगळे धर्म, सगळ्या जाती, मॅनेजर आणि त्यांचा शिपाई एकामागे एक. उद्या ड्राय डे, हे त्यांना कुठल्याही शाळेने शिकवलेलं नाही, तरी तोंडपाठ.

ड्राय कशासाठी, हे मात्र रांगेत विचारू नये. १९३० साली २६ जानेवारीलाच गावोगावी लोकांनी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली आणि पुढे दरवर्षी हाच स्वातंत्र्यदिन पाळला. मग खरं स्वातंत्र्य १५ ऑगस्टला आलं आणि २६ जानेवारी बेरोजगार झाली. तिची सोय लावायला २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली राज्यघटना दोन महिने थांबवून २६ जानेवारी १९५० पासून लागू केली. हेतू आठवण जपण्याचा. झालं असं, की संचलनाच्या धुरळ्यात ती शपथच दिसेनाशी झाली. आता जानेवारीतली शपथ म्हणजे ‘एक तारखेपासून सोडली’ एवढीच.

२६ नोव्हेंबरलाही २०१५ पासून संविधान दिन असतो. पण सुट्टी नाही आणि दुकानं उघडी. लक्षात राहणार कसा? म्हणून सरकारला माझी नम्र सूचना: जे जनतेने विसरू नये असं वाटतं, त्या दिवशी शटर खाली. मोठ्या विजयाला पूर्ण दिवस. इतिहासकारांत ज्यावर एकमत नाही, तिथे फक्त बिअर बंद. सरकार बदललं की यादी बदलेल, कालपर्यंतचे कोरडे दिवस रातोरात ओले होतील, आणि मागच्या दाराने दुप्पट भावात जे मिळेल त्याला इतिहासाची पर्यायी मांडणी म्हणता येईल. पाठ्यपुस्तक मंडळाचा कागद वाचेल तो वेगळाच.

असो. २६ जानेवारीच्या सकाळी उद्देशिकेतला आर्थिक न्याय माइकवरून वाचला जातो. माइक लावणारा, खुर्च्या मांडणारा आणि दुपारी गटाराच्या तोंडाशी अडकलेले प्लास्टिकचे झेंडे वेचणारा माणूस कंत्राटी असतो. कायद्यात ही पगारी सुट्टी आहे. त्याच्या हजेरीपटावर नाही. आला तर नेहमीचाच रोज, नाही आला तर खाडा. आणि याची लाज कुणालाही वाटत नाही, वाचणाऱ्याला नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांना नाही. मुकादमाला विचारून पाहा. तो झेंड्याकडे नाही, घड्याळाकडे बघत सांगेल, “सुट्टी साहेबलोकांना असते.”