पोर्टा केबिनचा मुक्काम

वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग 284 किलोमीटरचा. मंजुरी 2008-09 च्या अर्थसंकल्पातली. वर्धा ते कळंब एवढ्या पहिल्या टप्प्यावर गाडी धावली 28 फेब्रुवारी 2024 ला. मंजुरीच्या साली पहिलीत बसलेलं पोर तोवर पदवी घेऊन नोकरीच्या जाहिराती चाळू लागलं.

अशा कामावर सर्वांत आधी पूर्ण होते ती पोर्टा केबिन. ट्रेलरवरून येते, हायड्रा क्रेन तिला उचलून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवते, वायरमन वीज जोडतो आणि दुपारपर्यंत साहेब आत. पुलाच्या पायाला मुहूर्त लागतो, साहेबांच्या छपराला नाही. फोम भरलेल्या पफ पॅनेलच्या भिंती, एसी, दारात तुळशीची कुंडीसुद्धा. मे महिन्यात यवतमाळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की साइटची पाहणी नकाशावरच उरकते, हे ओघानं आलंच. मजुरांना पत्र्याची खोली. पत्रा तसा दोन्हीकडे आहे. मधला फोम तेवढा हुद्द्यानुसार.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं बजावून ठेवलं होतं: मजुरांना तात्पुरता निवारा फुकट द्या, स्वयंपाक-आंघोळ-संडासाची वेगळी सोय करा आणि काम संपताच सगळं स्वखर्चानं काढून जागा पूर्ववत करा. काम संपताच! कायदा लिहिणाऱ्यांचा आशावाद दांडगाच म्हणायचा. निम्न पैनगंगा धरण प्रकल्पाला 1997 साली मान्यता मिळाली, काम अजून संपायचंच आहे. तिथं केबिन पुरवणाऱ्यानं भाडेकरार महिन्याचा करावा की थेट नातवाच्या नावे?